वास खसचा नाही

पाणी उतरून पंचेचाळीस दिवस झाले.
नाला मागच्या फाटकातून आला, पहाटे,
खालच्या खोलीत मांडीएवढा उभा राहिला
आणि दुपारी गेला, आला तसाच, न विचारता,
भिंतीवर रेघ ठेवून.
त्या रेघेवर मी दोनदा चुना मारला.
रेघ दोनदा परत आली.

खोलीत कुबट वास येतो.
मी म्हटलं, कुलरचा असेल.
उन्हाळ्यातली खस आहे, काढायची राहिली.
नागपुरात हे कोणालाही पटतं,
ओल्या खसच्या वासावरच तर आपण मे महिना काढतो.
मग खस काढली, गच्चीवर नेऊन टाकली.
वास खालीच राहिला.

वासनिक नावाचा मुलगा फोनवर फार नम्र.
भिंतीला लावायचं मशीन आहे मॅडम,
आतली ओल आकड्यात सांगते.
हवेचा नमुना लॅबला, रिपोर्ट आठ दिवसांत.
साडेपाच हजार, जीएसटी वेगळा.
मी म्हटलं, कळवते.
असं चार वेळा म्हटलंय.

शकील प्लंबर म्हणतो, "काहून पैसे फेकता बाई?
दिसून राह्यली ना बुरशी.
दिसते तिची तपासणी कशाला?
प्लास्टर खरवडा, वाळू द्या, विषय संपला."
पटतं.
समोरच्या ढोबळेबाई म्हणतात, दिसते ती नाही हो,
कपाटामागची.
तेही पटतं.
पैसे द्यायचे नसले की मला सगळ्यांचंच पटतं.

आणि मी कोण? एकतीस वर्षं
कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये
पोरांसाठी बुरशी वाढवणारी बाई.
पावाचा तुकडा, चार थेंब पाणी, वर झाकण, अंधार.
तिसऱ्या दिवशी पांढरा कापूस,
पाचव्या दिवशी काळे ठिपके.
माझ्या हातची एक डिश कधी वाया गेली नाही.
मला मशीन काय सांगणार?

एवढंच, की त्या डिशमध्ये
कोणी भाड्याने राहत नव्हतं.

कैलास कोरेटी, कुरखेड्याचा.
वनरक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास.
चार हजार, पाच तारखेच्या आत, कधी चुकले नाहीत.
पाण्यात त्याची गादी गेली, पुस्तकं गेली.
भाडं कमी करा, तो म्हणाला नाही.
मीही विषय काढला नाही.

रिपोर्ट आला तर त्याला दाखवावा लागेल.
खरी गोष्ट ही. साडेपाच हजार नंतरचे.
कागदावर आला की आकडा माझा होतो,
तोवर तो भिंतीचा असतो.

काल तो क्लासला गेल्यावर माझ्या किल्लीने उघडलं.
उशाशी महाराष्ट्राचा नकाशा,
नवा कोरा, चारी बाजूंनी टेप.
उजवा कोपरा सोडवला.
चंद्रपूरपासून गोंदियापर्यंत, मागे,
हिरवट काळी मखमल. दाट, सुबक.
पहिल्या नंबरचं कल्चर.
म्हणजे त्यानं पाहिलं होतं. पाहून झाकलं होतं.
मला वाईट वाटू नये म्हणून,
की खोली जाईल म्हणून?
कोपरा परत चिकटवायला गेले.
टेप धरेना.

रात्री अडीचला फरशीखालून खोकला.
तो उशीत तोंड खुपसून खोकतो,
मला ऐकू जाऊ नये म्हणून.
मी कूसही बदलत नाही,
मी जागी आहे हे त्याला कळू नये म्हणून.
एवढी रीत पाळतो आम्ही दोघं.

सकाळी हॉलमधला सोफा सरकवला.
खाट मावते का, वितीने मोजलं. मावते.
जिन्यावरून हाक मारली, "कैलास, गादी घेऊन वर ये.
आणि नकाशा असू दे तिथंच.
दहाला एक माणूस येईल, तोच काढेल."

"कोण माणूस, काकू?"

दहाला अजून वेळ होता.
फोन लावायचा होता.